सांध्यांचं इंजेक्शन आणि तळहातावरच्या पुटकुळ्या

«डॉक्टर, मी कर्वेनगरला राहते, वय ४४. घरून विद्यार्थ्यांना डबे देते. नऊ वर्षांपासून आमवात आहे. गोळ्यांनी भागेना, तेव्हा सांध्यांच्या डॉक्टरांनी अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी मांडीत. त्याला सात महिने झाले. बोटं मोकळी झाली, सकाळी उठल्याबरोबर कणीक मळता येते. पण दोन महिन्यांपासून तळहातांवर आणि तळपायांवर पिवळ्या पुटकुळ्या येतात, वाळून तपकिरी होतात, मग सालं निघतात आणि भेगा पडतात. कानामागे आणि डोक्यात जाड कोंडा झालाय. मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की चार दिवस बरं, सोडली की दुप्पट. सासूबाई म्हणतात इंजेक्शनची उष्णता बाहेर पडतेय, त्या गुळवेलीचा काढा देतात. डबा घेणाऱ्या एका मुलीच्या आईनं माझे हात पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून डबा बंद केला. मागचं इंजेक्शन मी घेतलंच नाही. सांध्यांच्या डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही, ते इंजेक्शन बंद करतील अशी भीती वाटते. हे दुसऱ्याला लागतं का? आणि मी हात वाचवू की सांधे?»
— एक वाचक, कर्वेनगर

ताई, शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण तुमची झोप त्यांनीच उडवलेली दिसते. तुम्ही जे लिहिलंय ते मला सोरायसिस या खपल्या धरणाऱ्या त्वचारोगाच्या एका प्रकारासारखं वाटतं, तळहात-तळपायांवर पुटकुळ्या येणारा. तो दुसऱ्याला लागत नाही. हातात हात दिल्यानं नाही, ताटातून नाही, टॉवेलमधूनही नाही. त्या पुटकुळ्यांत जे पिवळं दिसतं त्यात पांढऱ्या पेशी असतात, जंतू नसतात. आणि हात की सांधे अशी निवड करायची वेळ तुमच्यावर आलेली नाही. हा त्रास झालेल्या बहुतेकांचे हातही सांभाळता येतात आणि सांधेही. त्यासाठी सांध्यांच्या आणि त्वचेच्या अशा दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, आणि आत्ता नेमकं तेच होत नाहीये.

पत्र वाचून पक्कं निदान होत नाही, ते हात पाहूनच होईल. पण तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात: पुटकुळ्यांची जागा, डोक्यातला जाड कोंडा, आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर काही महिन्यांनी सगळं उपटणं.

चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की अडॅलिम्युमॅब हे सोरायसिसवरचंसुद्धा औषध आहे. अमेरिकेत २००२च्या अखेरीस ते आमवातासाठी मंजूर झालं आणि २००८मध्ये सोरायसिससाठी. भारतात २०१४मध्ये त्याची इथेच बनवलेली, तुलनेनं स्वस्त आवृत्ती आली. त्याच औषधानं काही जणांना सोरायसिस होतो, तोही ज्यांच्या घराण्यात तो कोणाला नव्हता अशांना. २००९मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या गटातल्या, म्हणजे टीएनएफ रोखणाऱ्या औषधांच्या माहितीपत्रकात तशी नोंद घालायला लावली. शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणांना हे होतं, बायकांना जास्त. तेव्हा तुमच्याच नशिबी काही विचित्र आलंय असं मानू नका. त्वचेचे डॉक्टर आणि सांध्यांचे डॉक्टर, दोघांनाही हा प्रकार ओळखीचा आहे.

असं का होतं? टीएनएफ हे एक प्रथिन आहे, प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ते वापरतात. आमवातात सांध्यांच्या अस्तरात ते भरमसाट तयार होतं आणि सूज धरते. तुमचं इंजेक्शन त्या टीएनएफला पकडून निकामी करतं, म्हणून बोटं मोकळी झाली. पण त्वचेत टीएनएफचं आणखी एक काम असतं. इंटरफेरॉन अल्फा नावाचं द्रव्य बनवणाऱ्या काही पेशींना ते आवरून धरतं. टीएनएफ गेलं की काहींच्या त्वचेत हे इंटरफेरॉन मोकाट वाढतं आणि सोरायसिस पेटतो. म्हणजे सासूबाईंचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, याचा इंजेक्शनशी संबंध आहे. मात्र ही बाहेर पडून संपणारी उष्णता नव्हे. अंगावर काढलं तर वाढत जाईल.

आता चुकवलेल्या इंजेक्शनबद्दल. डॉक्टर इंजेक्शन बंद करतील या भीतीनं तुम्ही त्यांना सांगितलं नाही, आणि मग स्वतःच ते बंद केलं. तुमची घालमेल मला कळते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका असंच करतात, आणि त्यात त्यांचं जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे औषध शरीरातून अर्धं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. एक डोस गाळला म्हणून पुटकुळ्या आठवड्यात मावळत नाहीत, कारण आधीचं औषध अजून अंगात असतं. उलट मधूनच घेणं, मधूनच सोडणं असं झालं की शरीर त्या औषधाविरुद्ध प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) तयार करू लागण्याचा धोका वाढतो. मग पुन्हा सुरू केल्यावर पूर्वीसारखा गुण येत नाही, आणि आमवात उसळला तर सांध्यांची जी झीज होते ती भरून येत नाही. त्वचा भरून येते. तुमच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे.

डोस पुढे ढकलायची वेळ कधीकधी खरोखर येते: ताप असेल, नागीण उठली असेल, त्वचेत जंतूंचा पू झाला असेल, प्रतिजैविकं चालू असतील. पण तो निर्णय तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी घ्यायचा. म्हणून उद्या सकाळी त्यांच्याकडे फोन करा आणि दोन वाक्यांत सांगा: मागचा डोस घेतलेला नाही, आणि हातापायांवर पुटकुळ्या आल्यात. पुढचा डोस कधी घ्यायचा ते तेच सांगतील. ते लगेच इंजेक्शन कायमचं थांबवतील ही भीती फारशी खरी ठरत नाही. त्वचेचा त्रास हातापायांपुरता असेल आणि सांध्यांना गुण असेल, तर बरेचदा तेच इंजेक्शन चालू ठेवून त्वचेवर उपचार करतात.

ते उपचार काय असतात? पहिली पायरी मलमांची. ठरावीक आठवड्यांपुरतं तीव्र स्टेरॉइड मलम, त्याच्या जोडीला ड जीवनसत्त्वाच्या जातीचं कॅल्सिपोट्रायॉल, आणि जाड खपल्या मऊ करायला युरिया किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेलं मलम. तेवढ्यानं भागलं नाही तर हातापायांना ठरावीक मात्रेत अतिनील किरण देतात, त्याला फोटोथेरपी म्हणतात. मेथोट्रेक्सेट तुम्ही पूर्वी घेतलं असेल, बहुतेक आमवाताचे रुग्ण घेतात. ते सोरायसिसवरही चालतं, आणि इंजेक्शनविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होणंही कमी करतं. ते सध्या बंद असेल तर पुन्हा सुरू करता येईल का, हे जरूर विचारा. पण स्वतः सुरू करू नका. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावली आहेत.

एवढं करूनही त्वचा ऐकत नसेल, तर इंजेक्शन बदलतात. टीएनएफ रोखणारंच दुसरं औषध दिलं तर पुटकुळ्या पुन्हा येऊ शकतात, म्हणून सहसा वेगळ्या गटाकडे वळतात. आमवातासाठी टोसिलिझुमॅब, अबाटासेप्ट, रिटुक्सिमॅब आहेत, टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही आहेत. प्रत्येकाचे गुणदोष निराळे, ती चर्चा तुमच्या तपासण्या समोर ठेवूनच व्हावी. एक रस्ता बंद झाला तरी पुढे रस्ते आहेत, एवढं आज तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

मेडिकलमधल्या ट्यूबबद्दल मात्र मला काळजी वाटते. चार दिवस बरं आणि सोडलं की दुप्पट, हे ऐकून त्यात क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असावं असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे अशा ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक अशी खिचडी असते. २०१८पासून ही तीव्र स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं परवानगी नाही, तरी काउंटरवर हात दाखवला की ती सहज मिळतात. तुमच्यासारख्या रुग्णाच्या बाबतीत यात दुहेरी अडचण होते. बायोलॉजिक इंजेक्शनांवर (तुमचं इंजेक्शन याच जातीचं) असलेल्यांना बुरशीचा संसर्ग लवकर होऊ शकतो, आणि पावसाळ्यात ओल्या चपला, ओले पाय यामुळे पुण्यात नायटा, गजकर्ण भरपूर दिसतं. बुरशीवर स्टेरॉइड चोळलं की वरून लाली कमी होते, आत बुरशी पसरते, आणि मग खरं काय होतं ते डॉक्टरांनाही चटकन ओळखता येत नाही. ट्यूब फेकू नका, नाव दिसेल अशी पिशवीत घालून तपासणीला न्या. त्वचेच्या डॉक्टरांकडे खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी तपासणी होते, त्यातून बुरशी आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. शंका उरली तर त्वचेचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात.

घरात जुन्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर त्यांना हात लावू नका. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं की पुटकुळ्यांचा सोरायसिस अंगभर उसळू शकतो. सध्या ती गोळी डॉक्टरांनी चालू ठेवली असेल तर ती मनानं बंदही करू नका.

आता हातांकडे येते, कारण तुमचं पोट त्यांच्यावर आहे. सोरायसिस असलेल्या त्वचेला घासणं, दाब, ओरखडा सोसत नाही, जिथे घर्षण होतं तिथेच तो जास्त उमटतो. लाटणं फिरवताना तळहाताचा जो भाग टेकतो तिथे पुटकुळ्या जास्त आहेत का ते पाहा. भांड्यांचा साबण, लसूण सोलणं, कणकेचा ओलावा, पुन्हा पुन्हा हात धुणं, यातलं काहीही भेगा भरू देत नाही. काही आठवड्यांसाठी तरी कणीक मळणं आणि भांडी घासणं दुसऱ्या कोणाकडे सोपवता आलं तर पाहा. मदतीची बाई ठेवणं परवडत नसेल तर घरातल्या पुरुषांनी भांडी घासावीत. मी हे उपचाराचा भाग म्हणून लिहिते आहे, ताई, आणि हा परिच्छेद तुम्ही घरी वाचून दाखवलात तरी चालेल.

जे काम स्वतःच करावं लागेल त्यासाठी आत पातळ सुती हातमोजे आणि वरून नायट्राइलचे. नुसते रबरी मोजे घातले तर आत घाम साचतो आणि त्वचा आणखी चिघळते. गरम तव्याजवळ मात्र नायट्राइल नको, ते वितळतं. पोळी चिमट्यानं उलटा. हात कोमट पाण्यानं धुवा, बिनवासाचा सौम्य साबण वापरा, टिपून कोरडे करा आणि ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा साधं खोबरेल लावा. रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून वर सुती मोजे चढवा. साल निघत असेल तर ओढू नका, पुटकुळी फोडू नका.

डबा बंद करणाऱ्या त्या आईला काय सांगायचं? खरं आहे ते. हा संसर्ग नाही, औषधाचा दुष्परिणाम आहे, आणि उपचार चालू आहेत. त्वचेच्या डॉक्टरांकडून तसं दोन ओळींचं पत्र मागून घ्या, आम्ही ते आनंदानं देतो. मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. सोरायसिस लागत नसला तरी उघड्या भेगांवर स्टॅफिलोकॉकससारखे जंतू सहज घर करतात. ते अन्नात गेले तर जे विष तयार करतात ते अन्न पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि खाणाऱ्याला उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हणून भेगा भरेपर्यंत शिजवलेल्या अन्नाला उघडा हात लावायचा नाही. कोशिंबीर, चटणी, पोळ्यांच्या घड्या, सगळं मोज्यांनी किंवा चमच्यानं. हे पाळलंत की कोणाही गिऱ्हाइकापुढे तुम्हाला मान खाली घालायचं कारण नाही.

काढ्याबद्दल सासूबाईंना माझ्या वतीनं नम्रपणे सांगा, की तो सध्या थांबवायचा आहे. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते असं मानलं जातं, आणि तुमचे उपचार नेमके अतिरेकी झालेल्या प्रतिकारशक्तीला शांत करण्यासाठी आहेत. शिवाय २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच पडतो. काढा किती आणि किती दिवस घेतला ते डॉक्टरांना सांगा, यकृताची रक्ततपासणी होईल. वांगं, दही, आंबट यांच्या पथ्यानं या पुटकुळ्या कमी होतात असा पुरावा नाही, सुखानं खा.

या निमित्तानं बायोलॉजिक इंजेक्शनांवर असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते. सगळ्यांत जास्त आढळतो तो सुई टोचलेल्या जागेचा त्रास: लाली, खाज, थोडी सूज. सुरुवातीच्या महिन्यात जास्त असतो, तीन ते पाच दिवसांत ओसरतो. पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलं, दर वेळी जागा बदलली आणि पोटावर घेताना बेंबीपासून दोन इंच दूर राहिलं, तर बराच कमी होतो. सिक्युकिनुमॅबसारखी आयएल १७ नावाचं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या तोंडात पांढरा बुरशीचा थर येऊ शकतो. इसबासाठीच्या ड्युपिलुमॅबनं डोळे लाल होतात, काहींचा चेहराही. उन्हात गेल्यावर गालांवर लाली आणि जोडीला नव्यानं सांधे दुखणं, हे टीएनएफच्या औषधांनी क्वचित होणाऱ्या ल्युपस या आजाराचं लक्षण असू शकतं. पोटऱ्यांवर हाताला लागणारे जांभळे ठिपके रक्तवाहिन्यांच्या सुजेचे असू शकतात. मानेत न दुखणारी गाठ येऊन फुटली आणि भरेना, तर आपल्या देशात टीबीचा विचार करायलाच हवा, इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीच्या तपासण्या स्वच्छ आल्या असल्या तरीही.

नागीण ओळखायला उशीर होऊ नये. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग किंवा दुखणं सुरू होतं, मग पाण्याचे फोड येतात. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लसही आता भारतात मिळते, ती आपल्याला योग्य आहे का हे डॉक्टरांना विचारा. जिवंत विषाणूच्या लसी मात्र या इंजेक्शनांवर असताना घ्यायच्या नसतात.

रात्री-अपरात्रीही थांबू नये अशी लक्षणं: ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठून श्वास लागणं, तापासोबत अंगभर पुटकुळ्या, तोंडात किंवा डोळ्यांत फोड येऊन कातडी सोलवटणं, पायावर झपाट्यानं पसरणारी गरम, दुखरी लाली. यातलं काहीही झालं तर थेट तातडीच्या विभागात जायचं, आणि कोणतं इंजेक्शन चालू आहे ते दारातच सांगायचं.

इंटरनेटवरचे फोटो पाहून तुलना करणाऱ्यांसाठी एक सूचना. ते बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली जांभळट, करडी किंवा नुसती काळपट दिसते. बरं झाल्यावरही काळे डाग काही महिने राहतात. तो आजार उरल्याचा पुरावा नसतो, म्हणून त्यांच्यावर पुन्हा स्टेरॉइड घासू नका.

ताई, तपासणीला जाण्याआधी चांगल्या उजेडात हात, पाय आणि डोक्याचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुटकुळ्या येतात-जातात, तुम्ही पोचाल त्या दिवशी कदाचित नुसती सालंच दिसतील. इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यावरचं नाव आणि बॅच नंबर, आजवर घेतलेल्या डोसांच्या तारखा, मेडिकलची ट्यूब, काढ्याची पुडी, सगळं एका पिशवीत. खासगी फी झेपत नसेल तर ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात दाखवा. दोन्ही डॉक्टरांकडे एकमेकांचे फोन नंबर आहेत ना ते विचारा, नसतील तर तुम्ही द्या. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो, त्यासाठी सरकारच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा विनामूल्य फोन १८००-१८०-३०२४ आहे, आणि अर्ज मराठीतही मिळतो. बॅच नंबर तिथेही लागेल, तेव्हा खोकं टाकून देऊ नका.